वर्गणीचा अभिमान आणि बोटीचा प्रस्ताव

मे संपत आला की एक मत दरवर्षी हमखास ऐकू येते. कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, एखाद्या निवृत्त साहेबांच्या भाषणात. मत असे: गावाने आपत्तीची तयारी स्वतःच्या बळावर करावी, सरकारी अनुदानाच्या नादी लागू नये. सरकारी पैसा म्हणजे लाचारी. एकदा त्या कागदांत शिरलात की ग्रामसेवकापासून मंत्रालयापर्यंत चपला झिजवा, टक्केवारी द्या, आणि शेवटी हाती काय, तर लोकप्रतिनिधींचे नाव कोरलेला एक फलक. त्यापेक्षा चार माणसे जमवा, घरटी वर्गणी काढा, श्रमदान करा, फार तर एखादी कंपनी गाठा. आणि पूर आलाच तर उभा महाराष्ट्र धावून येतो. २०१९ ला नाही का आला?

हे म्हणणारी माणसे वाईट नसतात. त्यांचे घर बहुधा गावठाणाच्या उंच अंगाला असते, एवढेच.

२०१९ चीच गोष्ट काढली आहे, तर तिथूनच सुरू करू. ऑगस्टमध्ये सांगलीत इर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५. महाराष्ट्र धावून आला, यात वाद नाही. ट्रकच्या ट्रक आले. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, मेणबत्त्या, आणि जुन्या कपड्यांचे असे ढीग की ते निवडायला माणसे लावावी लागली. चिखलात उभ्या असलेल्या बाईला जरीची फाटकी साडी आणि सुटाबुटातला कोट पोचला. काही पाकिटांवर नेत्यांची छायाचित्रे पाकिटातल्या जिनसांच्या आधी पोचली. पण हे सगळे कधी? पाणी घरात शिरल्यावर आणि वाहिन्यांवर दिसल्यावर. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला, कृष्णा आणि येरळेच्या संगमावरच्या त्या गावात, माणसे बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती. का बसली असतील? चारी बाजूंनी पाणी चढताना आणि पुढची खेप होईल की नाही याची खात्री नसताना कोण मागे थांबेल? ब्रह्मनाळला त्या दिवशी आणखी एक बोट हवी होती, आणि बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवे होते. ती कोणत्या ट्रकातून आली असती?

वर्गणीवाल्यांची पहिली अडचण ही आहे. माणुसकीला पाझर फुटतो तो दुःख डोळ्यांनी दिसल्यावर. न घडलेल्या दुःखासाठी पावती फाटत नाही. मंदिराच्या जीर्णोद्धाराला, सप्ताहाच्या पंगतीला, गणपतीच्या मांडवाला घरटी हजार रुपये जमतात, कारण कळस, पंगत, मांडव लगेच डोळ्यांपुढे उभा राहतो. चौदा वर्षांत एकदाच लागेल अशा बोटीच्या इंजिनासाठी हजार रुपये कोण देईल? २००५ आणि २०१९ या दोन महापुरांत अंतर तेवढेच होते. त्या काळात कृष्णाकाठी मंदिरे किती रंगली आणि बोटी किती आल्या, हे आपापल्या गावापुरते आठवून पाहा. नंतर तर २०२१ लाच पाणी परत आले. नदीने वर्गणी जमेपर्यंत थांबण्याचे कबूल केले नव्हते.

आणि घरटी वर्गणी म्हणजे काय, याचाही हिशेब कधीतरी व्हावा. पुराचे पाणी घरटी सारखे येत नाही. ते आधी नदीकाठच्या वस्तीत शिरते, जिथे भूमिहीन, मच्छीमार, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे राहतात. ज्याचे नुकसान सर्वांत मोठे, त्याचा खिसा सर्वांत लहान. त्याच्याकडून आणि वरच्या आळीतल्या बंगल्याकडून सारखेच पैसे घ्यायचे आणि याला स्वावलंबन म्हणायचे? कराच्या पैशाची वाटणी नेमकी याच्या उलट असायला हवी. जो अधिक कमावतो त्याच्याकडून अधिक घ्यावे आणि जो बुडणार आहे त्याच्या दारात बोट बांधावी, यासाठीच तर सरकार नावाची गोष्ट आहे.

आता लाचारीकडे येऊ. पूर ओसरल्यावर तलाठी पंचनाम्याला आला की त्याच्यामागे कोण धावत नाही? २०१९ ला पूरग्रस्त कुटुंबाला ग्रामीण भागात १० हजार आणि शहरात १५ हजार रुपये मिळाले. माणूस दगावला तर आपत्ती निधीच्या निकषांनुसार वारसाला ४ लाख मिळतात. ते घेताना कोणाचा स्वाभिमान दुखावला नाही, आणि दुखावण्याचे कारणही नव्हते. मग मेलेल्या माणसामागचे ४ लाख घेणे रीतसर, आणि तो मरू नये म्हणून साधारण तेवढ्याच रकमेत येणारी बोट आधी मागणे मात्र लाचारी, हा न्याय कुठला? तिजोरी तीच, पैसा तोच. फक्त एक मागणी स्मशानातून परतल्यावर करायची आणि दुसरी पावसाळ्याआधी.

पैसा तोच आहे म्हणजे किती आहे, हेही सांगायला हवे, कारण वर्गणीवाल्यांना बहुधा वाटते की सरकारकडे यासाठी काही नसतेच. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधीला एकूण १ लाख ६० हजार १५३ कोटी रुपये ठरवून दिले. त्यातले शंभरातले ४० तातडीच्या मदतीला, ३० पुनर्बांधणीला, १० पूर्वतयारी आणि प्रशिक्षणाला, आणि २० सौम्यीकरणाला, म्हणजे धोका मुळात कमी करण्याला. नुसता हा शेवटचा हिस्सा ३२ हजार कोटींच्या घरात जातो. राज्यांत सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा. आणि सौम्यीकरणाचा पैसा कशासाठी वापरावा, यावर आयोगाने जे म्हटले आहे ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून ठेवावे असे आहे: स्थानिक पातळीवरच्या, लोकसहभागाच्या कामांसाठी. समुद्राच्या भिंती, नद्यांचे मोठे बांध अशी अवाढव्य कामे नेहमीच्या विकास योजनांतून करा, हा पैसा त्यावर घालू नका, असेही आयोग बजावतो. म्हणजे ज्या गावाला आपण भिकारी ठरवतो आहोत, त्या गावाच्या नावाने पंगतीत पान आधीच मांडलेले आहे. बसायचे नाही, असा हट्ट आपला.

हे पान मांडायलाही उशीर फार झाला, तो भाग वेगळा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. सौम्यीकरणाचा निधी उभारावा असे त्यातच लिहिले आहे. राष्ट्रीय पातळीवर तो निधी प्रत्यक्ष स्थापन झाला २०२१ मध्ये. सोळा वर्षे गावागावांतून त्यासाठी फारशी ओरड झाली नाही, कारण तिथे मागणारेच थोडे होते. मागणे कमीपणाचे, अशी शिकवण देणाऱ्यांचा या सोळा वर्षांत वाटा नाही काय?

यावर एक हुकमी पत्ता टाकला जातो. हिवरे बाजार बघा, राळेगणसिद्धी बघा, गावाने श्रमदान केले आणि चित्र पालटले! जरूर बघा, पण पूर्ण बघा. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले आणि नव्वदच्या दशकात हिवरे बाजार सरकारच्या आदर्श गाव योजनेत आले. तिथल्या चर-बंधाऱ्यांवर, वनीकरणावर वेगवेगळ्या सरकारी योजनांचा पैसा लागला आहे. त्या गावाचे खरे कसब हे की कोणत्या खात्याकडे कोणत्या कामाला किती पैसा पडून आहे, हे हेरून त्याने तो गावात आणला आणि श्रमदानाने त्याला जोर दिला. महाराष्ट्रातली सर्वांत स्वाभिमानी म्हणून मिरवली जाणारी गावे ही सर्वांत चांगले प्रस्ताव करणारी गावे आहेत. त्यांचे फावडे आपण फोटोत पाहतो, फाइल पाहत नाही.

मग येते टक्केवारी. सरकारी पैशात खाबूगिरी होते म्हणून तो घेऊच नये. होते, कोण नाही म्हणतो? पण ज्या पैशाचा ग्रामसभेत हिशेब मागता येतो, ज्याचे लेखापरीक्षण होते, ज्याच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते, तो पैसा अधिक धोक्याचा, की ज्याचा जमाखर्च एका उत्साही कार्यकर्त्याच्या डायरीत असतो तो? २०१९ ला पूरग्रस्तांच्या नावाने राज्यभर डबे फिरले. त्यातल्या किती डब्यांचा हिशेब आपण पाहिला आहे? विचारले असते तर ‘चांगल्या कामात खोट काढता?’ हेच ऐकावे लागले असते. सरकारी पैशात निदान खोट काढायचा कायदेशीर हक्क आहे. चोरी होते म्हणून पैसाच आणू नका, हा सल्ला चोराला फार सोयीचा आहे. तुम्ही मागत नाही तेव्हा तो निधी कोणाच्या तरी मागणीने दुसरीकडे वळतोच, आणि तिथे तुमचा डोळा नसतो.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबद्दल थोडक्यात. तो कशावर खर्च करता येतो त्या यादीत २०१९ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाची भर पडली, हे बरे झाले. पण कंपनीचा ओढा आपल्या कारखान्याच्या आसपास. ज्या घाटमाथ्यावरच्या वाडीपाशी कारखानाच नाही, तिने काय करायचे? आणि कंपनीने नाही म्हटले तर दाद कोणाकडे मागणार?

सर्वांत बळकट वाटणारा मुद्दा कागदांचा. ग्रामसभेचा ठराव, जागेचा उतारा, ना-हरकत दाखले, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, मग निधी येतो तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आणि ३१ तारखेच्या आत खर्च केला नाही तर परत. हे सारे खरे आहे आणि संतापजनक आहे. सौम्यीकरण निधीसाठी गावाला थेट ठोठावता येईल असे दार नाही, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फतच जावे लागते, हेही खरे. एवढे मी मान्य करतो, याहून जास्त नाही. कारण गावाकडून जाणारी मागणी कशी असते, तेही पाहायला हवे. ती अशी असते: ‘आमचे गाव नदीकाठी असून दरवर्षी पुराने अतोनात नुकसान होते, तरी योग्य तो निधी मंजूर व्हावा ही नम्र विनंती.’ खाली सरपंचाची सही, शिक्का. यावर कोणता अधिकारी काय मंजूर करणार? किती, कशाला, कोणत्या शीर्षातून?

आता दुसरी मागणी कल्पून पाहा. अमुक पुलापाशी पाणी इतक्या फुटांवर गेले की आमचा मुख्य रस्ता बंद होतो. त्यानंतर वस्तीत पाणी शिरायला इतके तास लागतात. खालच्या आळीत इतकी घरे. त्यांत अंथरुणाला खिळलेली माणसे इतकी, दिवस भरत आलेल्या बाया इतक्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारे इतके. दुभत्या म्हशी इतक्या. शाळेची इमारत २०१९ च्या पाण्याच्या वर राहिली, पण तिथे संडास दोनच आणि वीज गेली की टाकीत पाणी चढत नाही. म्हणून मागणी: एक बोट, इंजिन, चाळीस लाइफ जॅकेट आणि आठ जणांचे प्रशिक्षण, हे पूर्वतयारीच्या हिश्श्यातून. शाळेला जनित्र आणि चार संडास जिल्हा वार्षिक योजनेतून. उंचावरच्या गायरानात जनावरांसाठी पक्की शेड आणि चाऱ्याची सोय सौम्यीकरणातून.

म्हशींचे कलम वाचून शहरातला माणूस हसेल. कृष्णाकाठचा हसणार नाही. पाणी चढत असताना लोक घर का सोडत नाहीत, याचे उत्तर बहुतेक वेळा गोठ्यात असते. दावणीला चार म्हशी सोडून माणूस बोटीत बसत नाही, आणि बसला तरी रात्री पोहत परत येतो. ज्या बचाव आराखड्यात जनावरांना जागा नाही तो नदीकाठी चालत नाही. ही गोष्ट मंत्रालयात कोणाला सुचेल? ती गावातूनच लिहून जायला हवी. आणि ती लिहिण्यासाठी आठ-दहा जणांना घरोघर फिरून जी यादी करावी लागते, ती यादी हीच अर्धी तयारी आहे. निधी एक वर्ष उशिरा आला तरी खालच्या आळीत कोणाला आधी उचलायचे, हे गावाला ठाऊक झालेले असते.

‘खेड्यातल्या लोकांना हे झेपत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी किल्लारी विसरू नये. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि बळकटी घरमालकांनी सरकारी अनुदानातून स्वतः करून घेतली. गावोगावच्या बायांनी ‘संवाद सहायक’ म्हणून काम केले, हप्ता का अडला, सळई कुठे घालायची, हे घराघरांत समजावले. यांतल्या अनेकींनी त्याआधी सरकारी कचेरीची पायरी चढलेली नव्हती. तीस वर्षांपूर्वी त्यांना जमले ते आज हातात मोबाइल असलेल्या पोरांना जमणार नाही?

उलट बाजूची आत्मसंतुष्टता आणखी वेगळी. सरकारकडे नकाशे आहेत, उपग्रह आहेत, त्यांना सगळे कळते, अर्ज कशाला? १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती ठाकरवाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हतीच, हे सरकारने विधिमंडळात सांगितले. बचावपथकांना पायी डोंगर चढावा लागला, कारण वर रस्ता नव्हता. २०१४ मध्ये माळीण गाडले गेले, दीडशेवर माणसे गेली, आणि बाहेरच्या जगाला ते कळले सकाळी आलेल्या एसटीच्या चालकामुळे. २०२१ मध्ये महाडजवळ तळीये गेले, ऐंशीहून अधिक बळी. सरकारला सगळे कळते, हे कशाच्या जोरावर म्हणायचे? डोंगराला गेलेली भेग, एरवी स्वच्छ वाहणाऱ्या झऱ्याचे गढूळ झालेले पाणी, आपोआप कललेले झाड, हे पहिल्यांदा वाडीतल्या गुराख्याला दिसते. एक साधे पर्जन्यमापक, अमुक मिलिमीटरच्या वर गेले की वाडी खाली उतरवायची असा लेखी नियम, आणि उतरून जायला एक पक्की शेड. एवढ्याचा प्रस्ताव यादीत नसलेल्या वाडीनेच दिला पाहिजे, कारण यादी करणाऱ्याला ती वाडी दिसलेली नाही.

ओडिशाकडे बघून तरी आपले हे अभिमानाचे नाटक संपावे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. २०१३ ला फायलिन आले तेव्हा मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. मधल्या काळात किनाऱ्यावर बहुउद्देशीय निवारे उभे राहिले, सरकारी पैशातून आणि जागतिक बँकेच्या कर्जातून. किल्ली मात्र गावच्या समितीकडे. देखभालीसाठी समितीच्या नावे ठेव, एरवी इमारतीत शाळा भरते, लग्ने लागतात, म्हणून ती सडत नाही. २०२० मध्ये तिथल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना युनेस्कोने त्सुनामीसाठी सज्ज गावे म्हणून मान्यता दिली. त्या कोळ्यांनी सरकारचा पैसा घेतला म्हणून त्यांचा कणा मोडला असे कोणी ऐकले आहे का? पैसा सरकारचा, किल्ली गावाची, हा सौदा आपल्याला का नको?

तेव्हा वर्गणी जरूर काढा, पण ती प्रस्तावाच्या खर्चासाठी काढा: झेरॉक्स, अंदाजपत्रक करून देणारा अभियंता, तालुक्याच्या फेऱ्या. श्रमदानही करा, आणि ते लोकवाटा म्हणून कागदावर दाखवा. टाळ्या घेण्यासाठी नव्हे, मागणी वजनदार होण्यासाठी. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ४१ व्या कलमाने ग्रामपंचायतीसह प्रत्येक स्थानिक संस्थेवर आपले अधिकारी-कर्मचारी प्रशिक्षित ठेवण्याची आणि साधने वापरायला तयार ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. ज्या ग्रामपंचायतीने त्यासाठी पैसाच मागितला नाही ती स्वाभिमानी ठरत नाही. तिने काम चुकवले आहे.

येत्या ग्रामसभेत पुराचा, दरडीचा किंवा तुमच्या गावाला जो धोका असेल त्याचा विषय नोटिशीवर घ्यायला लावा. ठरावात आकडे घाला, कोणत्या निधीतून काय हवे ते लिहा. एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना आणि एक जिल्हाधिकाऱ्यांना द्या, कारण जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात. आणि स्थळप्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक पडल्याशिवाय त्या टेबलापासून हलू नका.